दोन तबकड्या, एक रिफ आणि ग्लॅम रॉकचा न मिटलेला वाद

१९७३ चा जानेवारी महिना. इंग्लंडमधल्या रेकॉर्डच्या दुकानांत आरसीए कंपनीच्या दोन तबकड्या एकाच वेळी खपत होत्या. एक डेव्हिड बोवीची, 'द जीन जीनी'. दुसरी 'द स्वीट' नावाच्या चौघांच्या बँडची, 'ब्लॉक बस्टर!'. ही दोन गाणी आज लागोपाठ लावून पाहा. दुसऱ्या गाण्यातला सुरुवातीचा सायरन ओसरला की अंगावर काटा येतो. गिटारवर पुन्हापुन्हा घुमणारा तुकडा, ज्याला रॉकवाले रिफ म्हणतात, तो दोन्हीकडे जवळपास तोच आहे. कंपनी एक, हंगाम एक, रिफ एक. बोवीचं गाणं ब्रिटिश क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. स्वीटचं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पाच आठवडे तिथून हललं नाही.

कोणी कोणाचं उचललं, हा प्रश्न लगेच मनात येतो. उत्तर असं, की कोणीच कोणाचं नाही. 'ब्लॉक बस्टर!' लिहिणाऱ्या जोडीपैकी निकी चिन यांनी पुढे सांगितलं की बोवीचं गाणं तोवर त्यांनी ऐकलंच नव्हतं, आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तो रिफ दोघांच्याही आधीचा आहे. बो डिडली या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकाने १९५५ साली शिकागोत 'आय ॲम अ मॅन' ध्वनिमुद्रित केलं. साठच्या दशकात लंडनच्या यार्डबर्ड्स या बँडने ते आपलंसं केलं, आणि तिथून ते गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येक इंग्रज पोराच्या बोटांत जाऊन बसलं.

ग्लॅम रॉकचे चाहते मात्र या दोन गाण्यांवरून पन्नास वर्षं वाद घालत आले आहेत. एका बाजूच्या मते बोवी कलावंत आणि स्वीट म्हणजे बाजारू माल. दुसरी बाजू म्हणते, नावं झाकून नुसतं ऐका, 'ब्लॉक बस्टर!' जास्त आटोपशीर आहे, जास्त जोरकस आहे. एकच रिफ एका तबकडीवर कला ठरतो आणि दुसरीवर माल, हे कसं घडतं? मला या वादाचं विलक्षण कुतूहल आहे. वरवर तो गायकांबद्दल असतो, पण बोलणारा प्रत्येक जण त्यात नकळत सांगून जातो की गाण्यातलं खरं कशाला म्हणायचं आणि खोटं कशाला, याबद्दल त्याची समजूत काय आहे. आणि ग्लॅम रॉक हे तर असं संगीत, की ज्याने खऱ्याखोट्यामधली रेघ जाणूनबुजून पुसून टाकली.

हे सगळं घडलं इंग्लंडमध्ये, साधारण १९७१ ते १९७४ या चार वर्षांत. साठचं दशक संपता संपता रॉक फार गंभीर झालं होतं. वीस वीस मिनिटांची गिटारवादनं, मळक्या जीन्स, डोळे मिटून बसलेले श्रोते. सुटं तीन मिनिटांचं गाणं काढणं म्हणजे हलकं काम, मोठा कलावंत अख्खा अल्बम काढतो, अशी समजूत रुजली होती. ग्लॅमने हे सगळं उलटं केलं. पन्नासच्या दशकातलं साधं रॉक अँड रोल परत आणलं, ड्रमचा ठोका जाड केला, गाणं तीन मिनिटांत संपवलं, आणि पुरुषांनी साटीनचे कपडे, उंच टाचांचे बूट घालून चेहऱ्यावर चमकी लावली. बीबीसीची मुख्य वाहिनी १९६९ च्या नोव्हेंबरात रंगीत झाली होती, पण बहुतेक घरांत संच अजून कृष्णधवलच होते. साटीन आणि चमकी यांचं वैशिष्ट्य असं, की रंग दिसला नाही तरी प्रकाश दिसतो. म्हणून ज्या घरात सगळं करड्या रंगातच दिसायचं, तिथेही हे लोक लखलखायचे.

ही चमकी पहिल्यांदा लावली मार्क बोलनने. जन्मनाव मार्क फेल्ड, लंडनच्या हॅकनी भागातल्या ट्रकचालकाचा मुलगा, जन्म १९४७. आधी त्याची 'टिरॅनोसॉरस रेक्स' नावाची दोघांची जोडी होती. सतरंजीवर मांडी घालून साधी गिटार आणि बोंगो वाजवत जादूगारांची, परीकथांची गाणी म्हणणारी. बीबीसीवरचे निवेदक जॉन पील हे त्यांचे सर्वांत मोठे पाठीराखे. १९७० मध्ये बोलनने नाव आखडून 'टी. रेक्स' केलं, विजेवरची गिटार गळ्यात घातली, आणि 'राइड अ व्हाइट स्वॉन' दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९७१ च्या मार्चमध्ये 'हॉट लव्ह' गाण्यासाठी तो 'टॉप ऑफ द पॉप्स' या साप्ताहिक दूरदर्शन कार्यक्रमात आला, तेव्हा शेलिटा सेकुंडा या वेशभूषाकार मैत्रिणीने त्याच्या डोळ्यांखाली चमकी लावून दिली होती. 'हॉट लव्ह' सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या कार्यक्रमांना मुली गालांवर चमकी लावून येऊ लागल्या.

आणि तिथेच पहिलं भांडण पेटलं. जुन्या चाहत्यांना वाटलं, आपला बोलन विकला गेला. खुद्द पील यांना त्या वर्षीचं 'गेट इट ऑन' आवडलं नाही, त्यांनी ते लपवलंही नाही, आणि इतक्या वर्षांची मैत्री तुटली. नाराजीचं एक कारण संगीताचं होतंच. पण दुसरं कारण मला जास्त बोलकं वाटतं. आता समोरच्या रांगांत दाढीवाले विद्यार्थी बसत नव्हते, तिथे तेरा-चौदा वर्षांच्या मुली किंचाळत होत्या. ज्या संगीतावर मुली जीव टाकतात ते संगीत उथळच असणार, हा ग्रह त्या काळच्या बहुतेक पुरुष समीक्षकांच्या लिखाणात मुरलेला होता. बोलनविरुद्धची कितीतरी मतं बारकाईने वाचली, की ती त्याच्या गिटारबद्दल कमी आणि त्याच्या श्रोत्यांबद्दल जास्त निघतात. त्या मुलींना काय ऐकू येत होतं, हे कोणी विचारलंच नाही.

मी त्या मुलींच्या बाजूने आहे. 'गेट इट ऑन' नीट ऐका. मूळ चाल चक बेरीच्या 'लिट्ल क्वीनी' या १९५९ च्या गाण्याच्या वळणाची, आणि बोलनने ते दडवलेलं नाही. गाणं विरत जाताना तो त्या जुन्या गाण्याचे शब्द स्वतःच गुणगुणतो. लय मध्यम, अजिबात घाई नाही. गिटार वाजते त्यापेक्षा थांबते जास्त, आणि त्या मोकळ्या जागांत बोलनचा आवाज जवळजवळ कुजबुजतो. त्याच्यामागे दोन अमेरिकी गायक, फ्लो आणि एडी, अशा उंच पट्टीत गातात की बायका गाताहेत असं वाटावं. मधूनच पियानोच्या पट्ट्यांवरून सर्रकन बोट फिरवल्याचा आवाज येतो. तो रिक वेकमन, त्या दिवशी नऊ पौंड मेहनतान्यावर आलेला. खाली तंतुवाद्यांची हलकी साय. चक बेरीकडे यातलं काहीच नव्हतं. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने हे थर एकावर एक इतक्या हलक्या हाताने रचले आहेत, की ऐकताना गाणं साधंच वाटतं.

बोवी की बोलन, हा ग्लॅमच्या चाहत्यांचा सर्वांत जुना वाद. पण दोघांच्या आयुष्यांत डोकावलं की आश्चर्य वाटतं. जन्म एकाच वर्षीचा, गाव एकच. लेस कॉन हा दोघांचाही पहिल्या दिवसांतला व्यवस्थापक, आणि दोघांची ओळख झाली ती त्याच्या कचेरीच्या भिंती रंगवताना. व्हिस्कॉन्टी दोघांचाही निर्माता. वेकमनचा पियानो इथेही आणि तिथेही, बोवीच्या 'लाइफ ऑन मार्स?' मध्ये वाजतो तो त्याचाच. १९७० मध्ये बोवीच्या 'द प्रेटिएस्ट स्टार' या गाण्यात गिटार बोलनने वाजवली. चाहत्यांनी ज्यांना समोरासमोरच्या छावण्यांत बसवलं, त्यांच्या गाण्यांत असे तेच ते हात पुन्हापुन्हा भेटतात.

बोलनवाल्यांचा दावा असतो की तो पहिला. बोवीवाल्यांचा, की तो पुढे गेला. दोन्ही खरं आहे. १९७३ नंतर बोलन आपल्याच यशाच्या साच्यात फिरत राहिला, आणि बोवीने मात्र १९७३ च्या ३ जुलैला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये, भर मंचावरून, झिगी स्टारडस्ट या आपल्याच गाजलेल्या पात्राला निरोप दिला. बरोबर वाजवणाऱ्यांपैकी काहींनासुद्धा ते त्याच क्षणी कळलं. पण या तुलनेत एक अन्याय आहे. बोलन १९७७ च्या १६ सप्टेंबरला लंडनमधल्या बार्न्स इथे मोटार अपघातात गेला, तिशी पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले असताना. त्याच महिन्यात त्याच्या दूरदर्शन मालिकेच्या शेवटच्या भागात बोवी पाहुणा म्हणून येऊन गेला होता. बोवीला त्यानंतर जवळजवळ चार दशकं मिळाली. मोजायचंच तर १९७१ आणि १९७२ ही दोनच वर्षं समोरासमोर ठेवावीत, आणि तिथे माझं झुकतं माप बोलनला.

बोवीने बोलनपासूनचं अंतर एका संध्याकाळी कापलं, आणि ती संध्याकाळ उलगडून पाहण्यासारखी आहे. झिगी स्टारडस्टचा अल्बम जवळपास तयार होता, पण आरसीएच्या माणसाला त्यात सुटं विकता येईल असं गाणं दिसेना. बोवीने 'स्टारमॅन' लिहिलं आणि अल्बममधलं चक बेरीचं गाणं काढून त्या जागी ते घातलं. त्याचं ध्रुवपद ज्या दोन स्वरांनी सुरू होतं त्यांत एका सप्तकाची उडी आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर मध्य सप्तकातल्या एका स्वरावरून थेट तार सप्तकातल्या त्याच स्वरावर. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या १९३९ च्या चित्रपटातलं 'ओव्हर द रेनबो' नेमक्या याच उडीने सुरू होतं. 'स्टारमॅन' पहिल्यांदा ऐकणाऱ्या पोराच्या कानात ती झेप आधीपासून बसलेली होती, म्हणून नवं गाणं ओळखीचं वाटत होतं. दोन गाण्यांची भावनाही तीच: इथून दूर, वर कुठेतरी, काहीतरी आहे.

१९७२ च्या ६ जुलैला 'टॉप ऑफ द पॉप्स' वर ते प्रसारित झालं. शेंदरी केस, रंगीबेरंगी अंगासरसा वेश. गाता गाता बोवीने कॅमेऱ्याकडे बोट केलं, जणू घरात बसलेल्या एकाच मुलाला हाक मारावी तसं, आणि मग शेजारच्या गिटारवादकाच्या, मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला. पुरुषांचे परस्परसंबंध इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत गुन्हा होते. त्याला फक्त पाच वर्षं झाली होती. स्पँडाऊ बॅलेचा गॅरी केम्प, एको अँड द बनीमेनचा इयन मॅककलक, पुढच्या पिढीतले असे कितीतरी संगीतकार आपली सुरुवात त्या साडेतीन मिनिटांत झाल्याचं सांगतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी आईवडिलांसमोर दिवाणखान्यात बसून ते पाहिलं होतं.

बोवीच्या छावणीत आणखी एक छोटी छावणी आहे, रॉन्सनवाल्यांची, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. मिक रॉन्सन हल शहराचा. बोवीच्या बँडसाठी बोलावणं आलं तेव्हा तो नगरपालिकेच्या बागकाम खात्यात नोकरी करत होता. लहानपणी पियानो आणि व्हायोलिन शिकलेला, त्यामुळे बोवीच्या गाण्यांतली तंतुवाद्यांची रचना त्याने लिहिली. गिटारचा त्याचा तो नाकातून बोलल्यासारखा, धारदार आवाज येतो वा-वा पेडलमधून. हे पेडल पायाने वरखाली करत वाजवायचं असतं. रॉन्सन ते अर्ध्यावर दाबून तिथेच रोखून धरायचा, त्यामुळे आवाजातली मधली पट्टी उसळून वर यायची. झिगीचा चेहरा बोवीचा, पण त्याचा आवाज निम्मा रॉन्सनचा.

आता स्वीटकडे वळतो, कारण त्यांच्यावरचा आरोप सर्वांत कठोर आहे: या कळसूत्री बाहुल्या. आरोपात तथ्य आहे. सुरुवातीच्या 'फनी फनी', 'को-को' या गाण्यांत वाद्यं भाडोत्री वादकांनी वाजवली, बँडने फक्त गायलं. गाणी निकी चिन आणि माइक चॅपमन यांची. पण त्याच तबकड्या उलटून लावल्या की दुसऱ्या बाजूला स्वीटने स्वतः लिहिलेली आणि वाजवलेली गाणी सापडतात, आणि ती चांगली दणकट, कडक रॉकची आहेत. म्हणजे एकाच तबकडीवर दोन वेगळे बँड होते. 'विग-वॅम बॅम' पासून वाद्यं त्यांच्या हातात आली. १९७३ च्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक इथे प्रेक्षकांनी बाटल्या फेकून त्यांना मंचावरून पिटाळलं, आणि त्या रात्रीवरून चिन-चॅपमनने 'द बॉलरूम ब्लिट्झ' लिहिलं. मिक टकरच्या ड्रमवर सुरू होणारं ते गाणं भाडोत्री बाहुल्यांना वाजवता आलं नसतं. १९७५ चं 'फॉक्स ऑन द रन' तर पूर्ण त्यांचं स्वतःचं.

शिवाय गाणं गायकाने स्वतः लिहिलेलंच असावं, हा दंडक मला कधीच पटला नाही. एल्व्हिसने गाणी लिहिली नाहीत. आपल्याकडे तर शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा, याच वाटणीतून आपली सर्वांत लाडकी गाणी आलेली आहेत. रॉकच्या जगात हा दंडक बीटल्स आणि डिलन यांच्यामुळे आला आणि मग तोच प्रामाणिकपणाचा पुरावा मानला गेला. याच दंडकाने सुझी क्वाट्रोलाही कमी लेखलं. ती डेट्रॉइटची मुलगी, निर्माते मिकी मोस्ट यांनी लंडनला आणलेली. गाणी तीच, चिन-चॅपमनची. पण १९७३ मध्ये 'कॅन द कॅन' पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा चामड्याच्या वेशात, गळ्यात बेस गिटार घालून, मागच्या पुरुष वादकांना इशारे देणारी बाई लोकांनी घराघरांत पाहिली. पुढे रॉक गायिका झालेल्या जोन जेटसारख्या मुलींनी त्यातून जे घेतलं, ते गीतकाराच्या नावावर अवलंबून नव्हतं.

स्लेड या बँडच्या चाहत्यांशी बोलायचं तर सूर बदलावा लागतो. हे चौघे मिडलंड्सचे, वुल्व्हरहॅम्प्टन आणि वॉल्सॉल या कारखानदारीच्या पट्ट्यातले. ग्लॅमच्या वादातली वर्गाची बाजू इथे उघडी पडते. बोवी आणि रॉक्सी म्युझिक हा बँड कलाशाळा शिकलेल्यांचे लाडके, आणि स्लेड शुक्रवारी पगार झाला की नाचायला जाणाऱ्यांचे. व्यवस्थापक चास चँडलर, ज्यांनी जिमी हेंड्रिक्सला इंग्लंडला आणलं, त्यांनी आधी या पोरांना डोकी भादरून टवाळ पोरांचा वेश दिला होता. मग केस वाढले, कपडे चमकले, नॉडी होल्डरच्या उंच टोपीवर आरसे आले. 'बिकॉज आय लव्ह यू' हे नाव फार मिळमिळीत वाटलं म्हणून त्यांनी ते आपल्या बोलीच्या उच्चाराप्रमाणे 'कॉझ आय लव्ह यू' असं चुकीच्या स्पेलिंगने छापलं, आणि पुढची गाणीही तशीच. शिक्षक संतापले. पोरं खूश झाली, कारण शाळेने ज्या उच्चाराची लाज बाळगायला शिकवलं तोच आता तबकडीवर छापून आला होता.

त्यांच्या गाण्यांत बूट आपटण्याचा आणि टाळ्यांचा आवाज मुद्दाम पुढे ठेवलेला असतो. त्यामुळे तबकडी घरात एकट्याने ऐकली तरी सभागृह भरल्यासारखं वाटतं. १९७३ मध्ये त्यांची तीन गाणी थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाली. बीटल्सच्या 'गेट बॅक' नंतर, म्हणजे १९६९ नंतर, तसं कोणाचंच झालं नव्हतं. त्याच वर्षी जुलैत ड्रमर डॉन पॉवेल मोटार अपघातातून जेमतेम वाचला. त्याची वाग्दत्त वधू त्यात गेली, आणि त्याची ताजी स्मरणशक्ती कायमची अधू झाली. तशा अवस्थेत त्याने 'मेरी एक्समस एव्हरीबडी' वाजवलं. न्यूयॉर्कच्या उकाड्यात ध्वनिमुद्रित झालेलं हे नाताळचं गाणं, सुरुवातीला हार्मोनियम असलेलं. डिसेंबरात ते बाजारात आलं तेव्हा इंग्लंडात इंधनटंचाई होती, वीज वाचवण्यासाठी दूरदर्शन रात्री साडेदहालाच बंद होत होतं. त्या अंधाऱ्या महिन्यात चार कामगारवस्तीच्या पोरांनी सगळ्या देशाला एकत्र ओरडायला लावलं. आजही दर डिसेंबरात ते वाजतं. बोवीचं कुठलंही गाणं ब्रिटिश लोकजीवनात इतकं खोल मुरलेलं नाही, असं स्लेडवाले म्हणतात, आणि मला त्यावर उत्तर सुचत नाही.

रॉक्सी म्युझिकबद्दल थोडक्यात. ब्रायन फेरी न्यूकॅसलला चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांच्याकडे शिकलेला, ब्रायन ईनो सिंथेसायझरची बटणं फिरवत इतरांच्या वाद्यांचे आवाज वाकवणारा. १९७३ मध्ये दोन अल्बमनंतर ईनो बाहेर पडला, आणि चाहते ईनोच्या आधीचे आणि नंतरचे असे दुभंगले ते आजतागायत.

एका नावापाशी मात्र सगळेच अडखळतात. गॅरी ग्लिटर, खरं नाव पॉल गॅड. माइक लिअँडरबरोबर त्याने १९७२ मध्ये 'रॉक अँड रोल' हे दोन भागांचं गाणं केलं, आणि त्याचा जवळजवळ शब्दहीन दुसरा भाग अमेरिकेतल्या मैदानांवर अनेक वर्षं वाजत राहिला. १९९९ मध्ये बालशोषणाची छायाचित्रं बाळगल्याबद्दल तो दोषी ठरला, २००६ मध्ये व्हिएतनाममध्ये मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल, आणि २०१५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने सत्तरच्या दशकात मुलींवर केलेल्या अत्याचारांबद्दल त्याला १६ वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे गुन्हे त्याच्या कीर्तीच्या त्याच दिवसांतले होते. २०१९ च्या 'जोकर' चित्रपटात ते गाणं वाजलं तेव्हा वाद पुन्हा उसळला. काही चाहते म्हणतात, तो ड्रमचा ठोका इतिहासातून खोडता येत नाही. ते खरं आहे. ग्लॅमचा इतिहास लिहिताना त्याचं नाव लिहावंच लागेल, गुन्ह्यांसकट. पण आनंदासाठी ते गाणं लावणं मला शक्य नाही, आणि ज्या मुलींच्या उत्साहावर ग्लॅम उभं राहिलं त्यांच्यातल्याच काहींचं बालपण त्याने हिरावलं, हे त्या ठोक्यापेक्षा मोठं आहे.

क्वीन हा बँड ग्लॅम म्हणायचा का, हा वाद आपल्या मुलखापर्यंत येऊन पोचतो. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. पियानोचं शिक्षण तिथलं, 'फ्रेडी' हे नाव तिथल्या मित्रांनी दिलेलं, आणि शाळेतल्या मुलांचा 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही सातारा जिल्ह्यातल्या त्याच पठारावरचा. १९६४ च्या उठावानंतर कुटुंब झांझिबार सोडून इंग्लंडला गेलं. कलाशाळा झाल्यावर तो आणि रॉजर टेलर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा चालवत. ग्लॅमचे कपडे ज्या गल्ल्यांतून विकले जात होते, तिथेच तो उभा होता. क्वीनचा पहिला अल्बम १९७३ चा, लाट आधीच भरात आल्यानंतरचा, म्हणून काटेकोर चाहते त्यांना यादीबाहेर ठेवतात. मला हे पटत नाही. १९७४ चं 'किलर क्वीन' ऐका: तोच नखरा, तोच काटेकोर थाट, आणि चार मिनिटांपेक्षा कमी वेळात उभी राहिलेली अख्खी नाटकी दुनिया. ग्लॅमची व्याख्या ते गाणं बाहेर ठेवत असेल, तर व्याख्याच तोकडी आहे.

समुद्रापलीकडे गेलं की शब्दाचा अर्थच सरकतो. अमेरिकेत 'ग्लॅम' म्हटलं की अनेकांना ऐंशीच्या दशकातले, केस फुगवलेले मेटल बँड आठवतात, आणि मग ब्रिटिश आणि अमेरिकी चाहते तासन्‌तास एकमेकांशी वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत राहतात. दोन्हींमधला दुवा उघड आहे. सत्तरच्या दशकात स्लेडला अमेरिकेने दारात उभं केलं नाही, पण १९८३ मध्ये क्वायट रायट या मेटल बँडने त्यांचंच 'कम ऑन फील द नॉइझ' गायलं आणि ते तिथे पाचव्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेचे आपले असे न्यूयॉर्क डॉल्सही होते. 'क्रीम' मासिकाच्या वाचकांनी एकाच मतदानात त्यांना सर्वोत्तम नवा बँड आणि सर्वांत वाईट बँड असे दोन्ही मान दिले. बीबीसीच्या एका गंभीर संगीत कार्यक्रमाचे सूत्रधार बॉब हॅरिस यांनी ही रॉकची नुसती नक्कल असल्याचा शेरा मारला. तो कार्यक्रम पाहणाऱ्या काही इंग्रज मुलांनी मात्र दोन-तीन वर्षांत पंक रॉक उभं केलं.

शेवटचा वाद एका गाण्यावरचा. १९९२ च्या २० एप्रिलला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. त्यात एका गाण्यासाठी बोवी, मिक रॉन्सन आणि मॉट द हूपल या बँडचा इयन हंटर एकत्र आले. मागे क्वीनचे उरलेले तिघे, साथीला गायला डेफ लेपर्डचे जो एलियट आणि फिल कॉलन. क्वीनने १९७३ मध्ये मॉटच्याच दौऱ्यावर आधी वाजवण्याचं काम केलं होतं. रॉन्सनला तेव्हा कर्करोग झालेला होता, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो गेला. गाणं होतं 'ऑल द यंग ड्यूड्स'. १९७२ मध्ये मॉट द हूपल फुटण्याच्या बेतात असताना बोवीने त्यांना आधी 'सफ्रेजेट सिटी' देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं, मग हे दिलं. ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि बँड तगला.

हे गाणं कोणाचं, यावर आजही एकमत नाही. बोवीवाले म्हणतात, शब्द त्याचे, चाल त्याची, निर्मिती त्याची, आणि त्याने ते स्वतःही ध्वनिमुद्रित केलं आहे. मॉटवाले त्या दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकायला सांगतात. बोवीच्या आवृत्तीत ध्रुवपद फिरत राहतं आणि शेवटाला गाणं थोडं सैल पडतं. मॉटच्या आवृत्तीत तिथेच हंटर गाणं सोडून बोलू लागतो, समोर बसलेल्या एका पोराला चिडवतो, पुढे बोलावतो, आणि त्या बडबडीने ध्रुवपदाला अचानक तोंड फुटतं. ती बडबड बोवीने लिहिलेली नव्हती, ती हंटरने त्याच वेळी जोडली. मी मॉटवाल्यांच्या बाजूने आहे.